नावेची खोळ

१६ मार्च १९७५, रविवार

लेकीच्या, सुकेसनीच्या, सहावीच्या वहीत मागची पानं कोरी उरली होती, ती आजपासून माझी. घरात बोलायला माणूस राह्यलं न्हाई. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, यांच्याशी माझं बोलणं बंद आहे. कुणी आधी बंद केलं ते लिहीत न्हाई. लिहिलं तर माझंच खरं दिसंल.

भांडण नावेवरून. आमचे हे (नाव घेऊ नये म्हणतात, पण वहीला काय कळतंय, रामकिसन) काल नाव घेऊन आले. खालच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं मासे धरायचं सोडलं, त्याची नाव. जूनपासून सुकेसनीला आठवीत घालायची आहे आणि आठवीची शाळा गोदावरीच्या पल्याड. आष्टीला घालावी तर पावसाळ्यात त्या काळ्या मातीत गाडी न्हाई जात, माणूस बी गुडघ्याएवढं रुततंय.

पल्याड जायला मच्छिंद्राची नाव आहे. पण मच्छिंद्र आपल्या लोकांना शेवटी घेतो. गावातले बसले, त्यांची गाठोडी बसली, शेळ्या बसल्या, की मंग आपण. जागा उरली तर. न्हाई उरली तर पुढल्या खेपेला, आणि पुढली खेप त्याच्या मर्जीवर. शाळेची घंटा काय मच्छिंद्राच्या मर्जीनं वाजत न्हाई.

हे हप्ताभर परतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये असतात, म्हणून नाव मी चालवायची असं ठरलं. काल यांनी मला बांबू कसा रोवायचा ते दाखवलं. वस्तीतल्या सगळ्या बाया काठावर हसायला उभ्या. हसा म्हणलं, उद्या तुमच्याच पोरी बसणार आहेत.

आत्याबाई तेवढ्या आल्या न्हाईत. म्हणल्या, "लाकडाच्या नादानं पोर पाण्यात घालू नगा. आष्टीला माझ्या बहिणीकडं ठिवा." मी म्हणलं, तुमच्या बहिणीकडं ठेवली तर भांडी घासायला शिकंल, शाळा न्हाई शिकणार. एवढंच म्हणलं. तेवढ्यावर बंद.

नाव डोहात ठेवायची होती, उन्हाळ्यात पाणी तेवढं तिथंच उरतंय. पण डोह गावाच्या पिण्याचा. तिथं मच्छिंद्राची नाव चालते, आपली चालत न्हाई. सांगावा लगेच आला. मंग बैलं लावून वाळूतून ओढली आणि दारात आणून ठेवली.

२० मार्च, गुरुवार

आमच्यातल्या कुणी आजवर नाव घेतली न्हाई. त्यामुळं ती कशी ठेवायची ते सगळ्यांनाच ठावं आहे. शेजारची कांताबाई म्हणती, पालथी घाल. तातेराव, वस्तीतले मोठे, म्हणतात उताणीच बरी. मी म्हणलं, कशी बी ठेवा, पण झाकली पाह्यजे. उन्हात लाकूड तडकतंय एवढं मला कळतंय. धान्य कसं ठेवतो आपण? कोरडं आणि झाकून. तशीच नाव ठेवायची.

सकाळी सगळा कडबा नावेवर अंथरला. दुपारी बघते तर कांताबाईच्या शेळ्या वर चढून खाऊन राह्यल्या. एक तर आत उतरून बसलेली, जशी पल्याड निघालीय. कांताबाईला बोलले तर म्हणती, "ताट वाढून ठिवलंस, मंग खाणार न्हाईत का?"

आत्याबाई ओट्यावर बसून बघत होत्या. माझ्याकडं न बघता भिंतीला म्हणल्या, "झाकून काय होतंय? तिला रोज घागर दाखवा."

नावेला घागर दाखवा! नाव आहे का म्हैस? मला हसू आलं. मोठ्यानंच आलं. त्यांनी ऐकलं आणि उठून आत गेल्या.

३० मार्च, रविवार

ठरलं. खोळ शिवायची. उशीला शिवतो, तंबोऱ्याला शिवतात, तशी नावेला. मी आष्टीच्या शिवण क्लासची पास आहे, वस्तीतल्या निम्म्या झंपरांना माझा हात लागलाय. नाव काय, एक मोठ्या अंगाची बाईच. टेप घेऊन माप घेतलं, छाती, कंबर, उंची. टोकाला निमुळती आहे तिथं चुण्या घालाव्या लागतील. हे हसत होते. मी म्हणलं, तुम्ही निस्तं धरा तिकडचं टोक.

कापड कुठून आणायचं? जयंतीचा जुना मांडव आहे, चांगला जाडजूड. यंदा नवा येणार, मंग जुना पडूनच राहील. तातेरावांना विचारलं. ते म्हणले, "चौदा तारीख होऊ दे, मंग ने. पण बाबासाहेबांच्या जयंतीचं कापड आहे बेबी, पायाखाली येता कामा नये." पायाखाली कशाला येईल? वर घालायची खोळ आहे.

म्हणजे अजून पंधरा दिवस नाव उन्हात. जीव जळतोय माझा.

जाताना हे म्हणले, "आईला जरा सांभाळून घे." मी म्हणलं, त्यांनी सांभाळून घ्यावं मला. तेव्हा यांनी एक सांगितलं. लई वर्षांमागं आत्याबाईंची आई वारली, पल्याडच्या गावात. निरोप आला तशा ह्या निघाल्या. त्या दिवशी कुणाचं तरी वऱ्हाड होतं. मच्छिंद्राचा बाप तेव्हा नाव चालवायचा. खेपेवर खेप वऱ्हाडाची, आणि ह्या काठावर बसून. पोचल्या तेव्हा माती होऊन गेल्ती. त्या दिवसापासून नावेत पाय ठेवला न्हाई.

मंग तर त्यांनी आपल्या नावेला ओवाळायला पाह्यजे! तर न्हाई. भिंतीशी बोलतात. काय माणूस आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंती बराबर झाली. सुकेसनीनं भाषण केलं, एकदा बी अडखळली न्हाई. आत्याबाईंनी सगळ्यांदेखत तिची दृष्ट काढली. बघून बरं वाटलं, पण माझ्याकडं बघितलंच न्हाई, म्हणून मी बी बघितलं न्हाई.

आज मांडव मिळाला. उंदरांनी खाल्लेली भोकं बघून रडू आलं. ठिगळं लावायला बारदान लागंल, यांना निरोप धाडला.

१९ एप्रिल, शनिवार

सुया मोडून राह्यल्या. दुहेरी कापडावर मशीन चालतच न्हाई. चाक फिरवते, सुई अडकते, कट्ट. फिरवते, कट्ट. आष्टीच्या बाजारातून आणलेल्या सगळ्या गेल्या. शेवटी मशीन लोटून दिली आणि दाभण घेतला. बारदानाची पट्टी सगळ्या काठाला सुतळीनं टाचायची. बोटांची चाळण झाली आहे. भाकरी थापते तर पिठात आग लागल्यासारखं होतंय.

कांताबाई येऊन बघून जाते आणि म्हणती, "एवढं लेकीच्या लग्नाचं शिवलं असतंस तर." लग्नाचं तर लग्नाचं! आठवी व्हायच्या आधी लग्न काढणाऱ्या बाईच्या शेळ्यांना माझा कडबा चालतो.

आत्याबाईंनी आज माझ्यासमोर तेलाची वाटी ठेवली. बोटांसाठी. बोलल्या न्हाई. मी लावलं. बोलले न्हाई.

२४ एप्रिल, गुरुवार

जवसाचं तेल उकळून खोळीला चोपडलं, आतून बाहेरून. पाण्याचा थेंब जाणार न्हाई असं काम. शिवणीवरनं डांबर. सगळ्या वस्तीत वास सुटला. तातेराव नाकाला पंचा लावून म्हणले, "नाव तरंगंल, पण आम्ही मरू." आता उन्हात वाळवायची, मंग चढवायची.

२८ एप्रिल, सोमवार

चढवली! कुठं ढिली न्हाई, कुठं ओढत न्हाई. दोन्ही टोकांच्या चुण्या अशा बसल्या की माझ्या क्लासच्या बाई असत्या तर सगळ्यांना बोलावून दाखवल्या असत्या. खालून दोरी ओवून गाठी मारल्या. हात आत घातला तर आत तव्यावाणी गरम आणि कोरडं ठणठणीत. आता हिला ऊन बी काही करणार न्हाई.

सुकेसनी म्हणली, "आई, गुदमरल्यासारखी दिसती." पोरगी आजीवर गेलीय.

२ मे, शुक्रवार

खोळीच्या आत ओलं आहे!

सकाळी गाठ सैल दिसली म्हणून उघडून बघितलं तर तळाला पाणी. आभाळात ढग न्हाई, पाऊस न्हाई. पाणी काय जमिनीतून वर आलं? कुणीतरी मुद्दाम ओतलं आहे. लाकूड कुजावं म्हणून. पाणी उपसलं, फडक्यानं पुसलं, दिवसभर उघडी ठेवून वाळवली आणि परत बांधली. दुहेरी गाठी मारल्या.

५ मे, सोमवार

परत ओलं. परत उपसलं, परत पुसलं.

वर आणि रांजणात पाणी न्हाई. नदीच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं भरून आणायचं, आणि रांजण सकाळीच तळाला! काठवट भिजवायला बी उरलं न्हाई. एक दिवस कोरडी राह्यली तर तडकंल, मंग भाकरी कशात मळायची? सुकेसनीवर ओरडले, एवढं पाणी कुठं सांडतीस म्हणून. ती आजीकडं बघायला लागली. आत्याबाई लुगड्याचा ओला काठ पिळत होत्या. म्हणल्या, "मी आणते दुसरं," आणि एवढ्या उन्हात घागर घेऊन परत झिऱ्यावर. या वयात. बोलायचं न्हाई आणि कामं अशी करून दाखवायची, म्हणजे वस्तीनं मलाच नावं ठेवावीत.

८ मे, गुरुवार

मला आधीच कळायला पाह्यजे होतं. कुणाचं नुकसान आहे आपल्या नावेनं? मच्छिंद्राचं. आपली वस्ती आपल्या नावेनं जायला लागली तर त्याच्यासमोर हात जोडून कोण उभं राहील?

आज तिसऱ्यांदा ओलं निघालं. पुसलं, आणि तशीच ताडताड घाटावर गेले. नाव डोहात बांधलेली, तो टोकावर बसून विडी ओढत होता. लोक होते. मी म्हणलं, "मच्छिंद्रा, माझ्या नावेत पाणी ओतायला तुला लाज वाटत न्हाई?"

तो आधी हसला. मला वाटलं, चोर हसतो असा. मंग म्हणला, "बाई, तुझ्या लाकडाला हात लावायला मला येळ न्हाई."

"मंग काय भूत येऊन ओततंय?"

"ते तू बघ. पण सगळ्यांदेखत मला चोर म्हणलीस, आता ऐकून घे. तुझी पोरगी माझ्या नावेत आता शेवटी बी बसायची न्हाई."

मी म्हणलं, नगं बसू दे. तिला तिची नाव आहे. आणि आले. घरी आल्यावर सांगितलं तर आत्याबाई पिठाचे हात तसेच घेऊन उभ्या. काहीतरी बोलणार होत्या. मी थांबले न्हाई. मला बी काम होतं.

९ मे, शुक्रवार

गाठी सुटतात ना? मंग गाठच नगं. खोळीची कड नावेच्या कठड्यावरून खाली घेऊन, बुडाखालून सुतळी ओवून, सगळीकडून दाभणानं शिवून टाकली. एक बोट घालायला जागा न्हाई. आता जूनमध्येच उसवीन. ओता म्हणलं आता पाणी.

दुपारी आत्याबाई नावेभोवती एक चक्कर मारून आल्या, हात लावून बघितला आणि मटकन बसल्या. उन्हाचं फिरू नगा म्हणावं वाटलं. पण बोलणं बंद आहे.

१७ मे, शनिवार

सात-आठ दिवस शांत गेले. आज बघते तर मागच्या टोकाला शिवण कापलेली! वीतभर. सुतळी साफ कापलीय, धारदार कशानंतरी. म्हणजे मच्छिंद्र आता हत्यार घेऊन येतोय. माझ्या शिवणीवर हत्यार!

हे आज आले, त्यांना दाखवलं. म्हणले, "मच्छिंद्र असा चोरून यायचा न्हाई. त्याला भांडायचं तर तो दारात येऊन भांडंल." म्हणजे मीच खोटी. रात्री जेवले न्हाई मी.

आपला विळा बी जागेवर नव्हता. चुलीमागं सापडला, पात्याला सुतळीचा धागा. सुकेसनीला बोलले, वस्तू वापरली की जागेवर ठेवावी. ती म्हणली, "मी न्हाई घेतला." खोटं बोलायला लागली का ही बी?

१९ मे, सोमवार

चूल पेटवायच्या आधी लिहिते.

चोर धरायचा म्हणून आज कोंबडा आरवायच्या आधी उठले आणि कुडाच्या आड उभी राह्यले. जरा झुंजुमुंजू झालं आणि नावेपाशी कुणीतरी आलं. एका हातात घागर, एका हातात विळा. खाली बसून शिवणीतून वाटीवाटीनं पाणी आत सोडत होतं. मी दाभण उगारून धावले.

आत्याबाई.

"तुम्ही?" बोलणं बंद आहे ते मी विसरूनच गेले.

त्या दचकल्या. घागर कलंडली आणि सगळं पाणी खोळीवर सांडलं. मंग त्यांना बी राग आला. "मी न्हाई तर कोण? तू? तू तर तिला कफन शिवलंस!"

"मी राखायला शिवली! तुम्ही कुजवायला निघालात!"

त्यांनी मला मनगटाला धरलं आणि घरात नेलं. काठवट पाण्यात भिजत होती, मीच घातलेली. ती दाखवून म्हणल्या, "ही पाण्यात का घालतीस गं उन्हाळ्याची?"

"तडकती म्हणून."

"कशी तडकती?"

"वाळून."

"मंग नाव काय लोखंडाची हाय? म्हाताऱ्यानं जलमभर पाण्यात ठिवलेली. तू कोरडी करून शेगडीवर ठिवलीस. मी घागर वतायची, तू पुसून काढायची. मी वतायची, तू पुसायची. वर शिवून टाकली."

"मंग तोंडानं सांगायचं ना मला!"

"सांगितलं," त्या म्हणल्या. "हसलीस."

१९ मे, दुपारी

खोळ उसवली. सगळी. आत उभं राहून बघितलं. फळ्यांच्या सांध्यांतून ऊन येतंय, खाली जमिनीवरच्या मुंग्या दिसून राह्यल्या. एका जागी करंगळी आरपार गेली. सुकेसनीनं बघितलं आणि घरात जाऊन पुस्तकांवर पाटी पालथी घातली.

रोज काठवट भिजवणारी बाई मी. सगळ्यांना ठावं होतं, मला बी ठावं होतं, आणि तरी हे केलं. मच्छिंद्राशी भांडले ते वर. आता पोरीला ना आपली नाव, ना त्याची. राग कुणावर काढू? आत्याबाईंवर काढावा तर त्या घागर घेऊन मंघाशीच झिऱ्यावर गेल्या. आणलेलं सगळं पाणी नावेत ओतलं. ते एका दमात खालून वाहून गेलं. त्या परत गेल्या. परत ओतलं, परत गेलं.

"नगा," मी म्हणलं. "राहत न्हाई त्यात."

"जरा तरी पिईल," त्या म्हणल्या.

तेव्हा मी पहिल्यांदा रडले. उगंच लपवून काय करायचं वहीपासून.

२० मे, मंगळवार

उसवलेली खोळ रागानं कोपऱ्यात फेकली होती. आज बघते तर कांताबाईची शेळी तिच्यात तोंड घालून पाणी पिऊन राह्यली. काल आत्याबाई झिऱ्यावरून येऊन घागर टेकवत होत्या, तेव्हा तिच्यात सांडलेलं पाणी! काल दुपारपासून, सगळी रात्र, आणि थेंब गळाला न्हाई. एवढी बराबर शिवली मी.

मी तशीच ओरडले, "आत्याबाई!" त्या हातातलं टाकून पळत आल्या, त्यांना वाटलं विंचू चावला.

मी म्हणलं, "खोळ वरून नगं. खालून घालायची."

त्यांना लगेच कळलं. समजावून सांगायलाच लागलं न्हाई. खड्डा खणायचा, त्यात खोळ अंथरायची, खोळीत नाव बसवायची. मापाला माप आहेच. मंग पाणी ओतलं की जाणार कुठं? नाव तिच्याच खोळीत भिजंल.

"कुदळ कुठं हाय?" त्या म्हणल्या.

२३ मे, शुक्रवार

खड्डा झाला. आत्याबाईंनी विळ्यानं कापलेली शिवण मी दुहेरी टाचली, वर डांबर. त्या सुतळी धरून बसल्या होत्या. "जरा कमी कापायला पाह्यजे होतं," त्या म्हणल्या. "विळा तरी जागेवर ठेवायचा," मी म्हणलं. सुकेसनी आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती. विळ्यावरून उगं बोलले, माझं चुकलं असं तिला अजून म्हणले न्हाई, उद्या म्हणीन.

पण दोन गोष्टी अडल्या. एक, पाणी. एवढं पाणी झिऱ्यातून काढलं तर वस्तीनं प्यायचं काय? दुसरी, तातेराव. खड्डा बघून काठी टेकत आले. "बेबी, पायाखाली येऊ देऊ नगं म्हणलो होतो. तू तर मातीत घालतीस."

मी तोंड उघडायच्या आधीच आत्याबाई म्हणल्या, "पायाखाली न्हाई भाऊजी, नावंखाली. नावंत सुकेसनी."

ते माघारी वळले. गेले तसेच. मला वाटलं, झालं, आता बैठक बसवतील.

२५ मे, रविवार, बुद्ध पौर्णिमा

सकाळी वंदना झाली. नंतर बघते तर तातेराव बादली घेऊन दारात. आंघोळीचं पाणी. स्वतःच्या अंगावरनं गेलेलं, परातीत धरून आणलेलं. म्हणले, "प्यायचं कशाला घालता? नावेला साबणाचा काय विटाळ हाय का?" आणि ओतलं.

मंग सगळ्यांनीच आणलं. आंघोळीचं, भांड्यांचं, तांदळाचं, धुण्याचं. कांताबाई शेळ्यांचं उष्टं पाणी घेऊन आली, म्हणली, माझ्या शेळ्यांनीच शोधलंय. हे आज घरी होते, त्यांनी आत दगड ठेवून नाव दाबली. संध्याकाळपर्यंत अर्धी बुडाली. वास असा की जवसाचं तेल बरं. पण खोळीतून थेंब गेला न्हाई. मी सगळीकडून हात फिरवून बघितलं, बाहेरची माती कोरडी.

४ जून, बुधवार

रोज सगळ्या वस्तीचं सांडपाणी आमच्या दारात. आज करंगळीची फट बघितली, नख जात न्हाई. पण पुढच्या टोकाची एक फळी अजून हट्ट धरून आहे. फुगतच न्हाई मेली. त्या फटीत डांबर आणि कापूस ठासला. मला झोप न्हाई. आत्याबाई म्हणतात, "तू बी जरा भिजत पड, नरम होशील."

१० जून, मंगळवार

वर कुठंतरी पडलाय, नदीला पाणी आलं. मच्छिंद्राकडं गेले. आत्याबाई म्हणल्या जायलाच पाह्यजे, चुकलीस ते चुकलीस. म्हणून गेले. लोक होते तेव्हाच गेले, कारण बोलले बी लोकांतच होते. म्हणलं, "पाणी तू ओतलं न्हाईस. माझ्या घरचंच होतं. माझं चुकलं."

तो विडी विझवत म्हणला, "बरं. पण शेवटी बी बसायची न्हाई म्हणलो, ते म्हणलोच."

मी म्हणलं, ठीक आहे. वाटेत लई शिव्या दिल्या त्याला, मनातल्या मनात. पण डोक्यावरचं ओझं उतरलं.

१६ जून, सोमवार

आज शाळा.

काल नाव वाळूतून ओढून पाण्यात घातली, घाटापासून लांब, आपल्या झिऱ्याच्या बाजूला. पुढच्या टोकातून थोडं पाणी येतंय. वाटीनं उपसलं की झालं. तरंगली.

सुकेसनी नवा फ्रॉक घालून बसली, कांताबाईची मधली पोरगी तिच्या शेजारी. होय, तीच कांताबाई. तातेराव पल्याड लेकीकडं निघाले, ते बसले. आणखी दोघंतिघं बसले. मी बांबू रोवला आणि काठाकडं बघितलं.

आत्याबाई उभ्या. मला वाटलं होतं पोचवायला आल्यात. पण काखेत गाठोडं होतं. धुतलेलं लुगडं नेसलेलं. आम्हा सगळ्यांपासून चार हात लांब, दुसरीकडं बघत, जशी ओळखच न्हाई.

"कुठं निघालात?" मी म्हणलं.

"पल्याड. आईला जिथं माती दिली तिथं जाऊन येते म्हणलं एकदा."

"मंग बसा ना."

"बसू दे सगळ्यांला," त्या म्हणल्या. "जागा उरली तर बसते मी."

बांबू काढून वाळूत रोवला. "उतरा," मी म्हणलं. "सगळे उतरा. तातेराव, तुम्ही बी."

"आगं, शाळा!" सुकेसनी ओरडली.

"उतर म्हणते ना!"

सगळे उतरले. तातेराव बी, धोतर वर धरून. नाव रिकामी झाली. मी आत्याबाईंचं गाठोडं घेतलं आणि आत ठेवलं.

"आत्याबाई, आधी तुम्ही."

मंग आल्या. एक पाय आत ठेवला, थांबल्या, दुसरा ठेवला. मधोमध बसल्या. बाकीचे नंतर चढले. शाळेला उशीर झाला म्हणून सुकेसनी फुगून बसली होती, पण तिनं आजीच्या लुगड्याचा काठ धरलेला मी बघितला.

मधल्या धारेत गेलो तशा आत्याबाई खाली वाकल्या. फळीवर तळहात फिरवून बघितला, काठवटीवर फिरवतात तसा.

"इथून पाणी येतंय गं बेबी," त्या म्हणल्या.

"येऊ द्या," मी म्हणलं. "तिला लागतंय."